पाच मिनिटांची पैज आणि रात्रभराचे मौन : एका प्रकरणाचा अभ्यास

चोवीस वर्षांची थोरली बहीण आणि वीस वर्षांचा धाकटा भाऊ यांच्यात एका संध्याकाळी, घरातली मोठी माणसे बाहेर गेलेली असताना, अतितिखट मिरची खाण्याची पैज लागली. पैज बहिणीने लावली. भावाने मिरची खाल्ली, अर्ध्या मिनिटात आपण जिंकलो असे समजून आणखी अर्धी खाल्ली, आणि पुढचे काही तास जे भोगले त्याबद्दल तो आजही स्वतःला दूषणे देतो. रुग्णालयात जाण्याची वेळ आली नाही, कायमची इजाही झाली नाही, त्यामुळे घरात या प्रसंगाचा आता चेष्टेपुरताच उल्लेख होतो. तरीही तो तपशिलाने मांडण्याजोगा आहे, कारण भाऊ ज्या गोष्टीबद्दल हळहळतो ती या प्रकरणातली सर्वांत कमी धोक्याची गोष्ट होती. आणि बहिणीच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने तसेच म्हणावे लागते. दोघांशी वेगवेगळे झालेले बोलणे आणि बहिणीने मोबाइलवर केलेले सुमारे सात मिनिटांचे चित्रीकरण, यांवर पुढील मांडणी आधारलेली आहे. नावे व ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पैज लागली कशी

मिरच्या भावाच्या मित्राने दिल्या होत्या. या मित्राला कुंड्यांमध्ये निरनिराळ्या जातींच्या मिरच्या लावण्याचा नाद आहे. त्याने कागदी पाकिटात कॅरोलिना रीपर जातीच्या तीन मिरच्या घालून दिल्या : लालभडक, सुरकुतलेल्या, आणि खालच्या टोकाला विंचवाच्या नांगीसारखा बाक असलेल्या. पाकिटावर त्याने पेनाने ‘हातमोजे घालूनच चिरणे’ असे लिहिलेही होते. ती सूचना बहिणीने मोठ्याने वाचून दाखवली आणि दोघेही हसले. चित्रीकरणाची सुरुवात याच हसण्याने होते.

आपल्यापुढे काय आहे याचा अंदाज दोघांनाही नव्हता, असे म्हणणे बरोबर होणार नाही. अंदाज होता, पण तो आकड्यांचा होता. तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सुचवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे चाखणाऱ्यांना तिखट लागेनासा होतो, त्यावरून तो आकडा ठरत असे; आता हे मोजमाप प्रयोगशाळेतील यंत्रांवर होते. या मापाने हालापेन्यो ही मिरची साधारण अडीच हजार ते आठ हजारांच्या दरम्यान येते. रीपरची २०१७ मध्ये गिनेसने नोंदवलेली सरासरी १६ लाख ४१ हजारांच्या वर आहे, आणि २०२३ मध्ये तिचा विक्रम मोडणाऱ्या पेपर एक्सची २६ लाख ९३ हजार. हे आकडे भावाने पैजेच्या आधी मोबाइलवर वाचले होते. मात्र लाखांतला तिखटपणा जिभेवर कसा लागतो याची कल्पना आकडा वाचून येत नाही. उलट आकडा जितका मोठा तितकी पैज भारदस्त वाटते, आणि येथेही तेच झाले.

अटी बहिणीने घातल्या. देठ सोडून एक पूर्ण मिरची चावून खायची, तशीच गिळायची नाही. त्यानंतर पाच मिनिटे पाणी नाही, दूध नाही, थुंकणे नाही. हरणाऱ्याने आठवडाभर रात्रीची भांडी घासायची. भाऊ सुरुवातीला टाळाटाळ करत होता. “पोटात काही नाहीये माझ्या, जेवण झाल्यावर बघू,” असे तो म्हणतो तेव्हा बहीण शांतपणे एवढेच विचारते, “तलाव आठवतोय ना?” आणि तो हात पुढे करतो.

हा तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव. भाऊ शाळेत असताना उंच फळीवरून उडी मारण्याची पैज लावून वर चढला होता आणि सगळ्यांच्या देखत शिडीने परत खाली उतरला होता. बाहेरच्या कोणी हीच मिरची पुढे केली असती तर त्याने ती हसण्यावारी नेली असती, असे तो स्वतः सांगतो, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मित्राने खरोखर पुढे केली होती, तेव्हा त्याने ती निमूटपणे पाकिटात घालून घरी आणली होती. भावंडाने लावलेली पैज वेगळी असते, कारण तिच्यामागे जुनी बाकी असते आणि कोणत्या शब्दाने ती बाकी वर काढता येते हे समोरच्याला नेमके ठाऊक असते. भरीस घालायला बाहेरच्याला दहा वाक्ये लागतात, बहिणीला दोन-तीन शब्द पुरले.

तरुण मुले सोबत्यांसमोर अधिक धोका पत्करतात, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले होते. त्यात संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला लावला होता. एकट्याने खेळताना सावध राहणारी किशोरवयीन मुले समवयस्क पाहत असताना कितीतरी जास्त धोका घेत होती, आणि वय वाढेल तसा हा फरक कमी होत गेला. आपल्या प्रकरणातला भाऊ विशीत पोहोचलेला आहे, त्यामुळे तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण खोलीत तिसरे कोणी नसतानाही तेथे एक प्रेक्षक होता, तो म्हणजे बहिणीच्या हातातला मोबाइल, हे विसरून चालणार नाही.

चित्रीकरणात दिसते ते

भाऊ देठ धरून मिरची दोन घासांत खातो. तो चावतो, तोंड थोडे वाकडे करतो, मग भुवया उंचावून कॅमेऱ्याकडे पाहतो आणि वीस-पंचवीस सेकंदांनी म्हणतो, “एवढीच? ताई, फसवलं तुला त्यानं.” बहिणीचा आवाज येतो, “मग खा की अजून.” तो पाकिटातली दुसरी मिरची काढतो आणि दाताने अर्धी तोडतो. संपूर्ण प्रकरणातील सर्वांत घाईचा निर्णय हाच, आणि तो दोघांनी मिळून चार-पाच सेकंदांत घेतला आहे.

हे का घडले, याचे उत्तर तिखट लागण्याच्या प्रक्रियेत आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरील चेतातंतूंच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते त्याचे नाव टीआरपीव्ही-१. हा ग्राहक मुळात साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी असतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूशियन यांच्याबरोबर विभागून मिळाले. तिखट ही चव नसून भाजल्याची जाणीव आहे, हे वाक्य आता बहुतेकांनी ऐकलेले असते. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की कॅप्सायसिन या ग्राहकाला पेशीच्या आतल्या बाजूने जाऊन चिकटते. म्हणजे ते आधी पेशीच्या पापुद्र्यातून झिरपावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून अतितिखट मिरचीचा भर पहिल्या घासाला कळत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे जाणवते ते चढणीचे पहिले पाऊल असते, आणि नेमक्या त्याच वेळी पैज घेणारा आपला निकाल जाहीर करून मोकळा होतो.

पुढचे चित्रीकरण पाहताना हसू येते आणि मग येईनासे होते. पहिल्या मिनिटाच्या शेवटी भाऊ बोलायचे थांबतो. दुसऱ्या मिनिटात त्याला उचक्या लागतात, कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम फुटतो, नाक गळू लागते. तो उठून येरझाऱ्या घालतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून वाकतो, तोंड उघडे ठेवून आत हवा ओढतो. बहीण अजून हसते आहे. “तीन मिनिटं राहिली,” असे सांगते. इतक्यात त्याच्या डोळ्यांतून येणारे पाणी पुसण्यासाठी तो उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट डाव्या डोळ्यावरून फिरवतो. ज्या दोन बोटांनी मिरची धरली होती, तीच ही बोटे. क्षणभर काहीच होत नाही. मग तो ओरडतो, आणि बहिणीचे हसणे त्याच सेकंदाला थांबते.

मोबाइल टेबलावर उलटा पडतो. यानंतर चित्र नाही, फक्त आवाज आहेत : नळाचा आवाज, “डोळा चोळू नकोस, चोळू नकोस,” ग्लास आपटल्याचा आवाज, “पाणी नको, दूध दे.” चौथे मिनिट अजून पुरे झालेले नाही. डोळा पाण्याच्या धारेखाली धरणे हा बहिणीने केलेला उपाय योग्यच होता. हात मात्र कोणीच धुतले नाहीत. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने नुसत्या पाण्याने ते बोटांवरून जात नाही. तेल चोळून मग साबणाने धुवावे लागते. परिणामी पुढच्या तासाभरात त्याने दुसऱ्या डोळ्यालाही एकदा हात लावलाच.

दुधाबद्दल भावाला माहीत होते, हे येथे नोंदवायला हवे. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून दूर नेते. अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साय काढलेले दूधही सायीच्या दुधाइतकेच उपयोगी पडल्याचे दिसले, म्हणजे गुण केवळ स्निग्धांशाचा म्हणता येत नाही. बहिणीलाही हे माहीत होते, म्हणूनच तर अटींमध्ये दुधाचे नाव घालून मनाई केली होती. जे ज्ञान उपायासाठी वापरायचे ते अट कडक करण्यासाठी वापरले गेले, हा या पैजेतला मला सर्वांत खटकलेला भाग आहे.

पैज संपल्यानंतरचे तास

दोन पेले दूध पिऊन अर्ध्या तासाने भाऊ सोफ्यावर टेकला, तोंडाची आग पुष्कळ कमी झाली, डोळा लाल होता पण उघडत होता. आई-बाबा आले तेव्हा दोघांनी मिळून डोळ्यात साबण गेल्याचे सांगितले. जेवण झाले. बहिणीच्या दृष्टीने प्रकरण येथे संपते, आणि तिने पहिल्या भेटीत जी हकिकत सांगितली ती येथेच संपत होती.

भावाची हकिकत मात्र येथून पुढे सुरू होते. झोपायला गेल्यावर तासाभराने त्याच्या पोटात, बेंबीच्या वर, पिळवटून कळा येऊ लागल्या. टीआरपीव्ही-१ हे ग्राहक केवळ तोंडात नसतात, संपूर्ण अन्नमार्गात असतात, त्यामुळे मिरची जसजशी पुढे सरकते तसतशी आग आणि कळाही पुढे सरकतात. रिकाम्या पोटी खाल्ल्यास त्रास वाढण्याची शक्यता अधिक. तो उठून न्हाणीघरात गेला, दार लावून घेतले, नळ सोडला आणि फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. नळ का सोडला, असे विचारल्यावर त्याने सांगितले की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्याला दोनदा ओकारी झाली. ओकताना छातीच्या मधोमध कळ आली आणि थोड्या वेळाने गेली. पुन्हा अंथरुणावर येऊन तो पहाटेपर्यंत जागा होता. भिंतीपलीकडे बहीणही जागी होती. तिला नळाचा आवाज ऐकू येत होता आणि तो एवढा वेळ का चालू आहे हेही तिच्या लक्षात आले होते. ती उठली नाही.

त्याने हाक का मारली नाही आणि तिने दार का वाजवले नाही, याची कारणे दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत पण एकच दिली. तो म्हणाला, “ताईला कळलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतं.” ती म्हणाली, “विचारायला गेले असते तर चूक माझी आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं.” घड्याळावरची पैज चौथ्या मिनिटाला मोडली होती; तरी मध्यरात्रीपर्यंत दोघेही तिच्याच नियमांनी वागत होते. माघार घ्यायची नाही, हा नियम मिरचीपुरता होता, तो ओकारीला आणि छातीतल्या कळेलाही लागू झाला.

हे गंभीर का आहे, ते वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या दोन नोंदींवरून लक्षात येते. २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये एका ४७ वर्षांच्या माणसाची हकिकत आली. त्याने खाण्याच्या स्पर्धेत भूत जोलोकिया या अतितिखट मिरचीचा लगदा घातलेला बर्गर खाल्ला, त्यानंतर जोरजोराने ओकाऱ्या झाल्या, छातीत व पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या आणि अन्ननलिकेला सुमारे अडीच सेंटिमीटरची चीर गेल्याचे आढळले. त्याला तेवीस दिवस रुग्णालयात राहावे लागले. ही इजा ओकारीच्या जोराने झाली होती. दुसरी नोंद २०१८ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये आली. ३४ वर्षांच्या एका माणसाने स्पर्धेत रीपर खाल्ली आणि पुढच्या काही दिवसांत त्याला अचानक, विजेसारख्या येणाऱ्या असह्य डोकेदुखीचे झटके आले. तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसल्याचे दिसले, आणि त्या पूर्ववत झाल्याचे पाच आठवड्यांनी केलेल्या तपासणीत आढळले. अशा घटना विरळ आहेत, आणि मिरची खाणाऱ्या प्रत्येकाला त्यांची भीती घालण्यात अर्थ नाही. परंतु या दोन्ही प्रकरणांत खरा धोका स्पर्धेचे टाळ्या-हसणे आटोपल्यावर समोर आला, आणि तो ओळखला गेला कारण त्या माणसांनी आपल्याला काय होते आहे ते कोणाला तरी सांगितले. अमेरिकेत २०२३ मध्ये अतितिखट चिप खाण्याच्या आव्हानानंतर एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या शवविच्छेदनात जन्मजात हृदयदोष आढळला होता. आपल्याला असा दोष आहे की नाही हे पैज घेणाऱ्या कोणालाही आधी ठाऊक नसते, लावणाऱ्याला तर नाहीच.

ओकारीनंतर छातीत किंवा पाठीत तीव्र दुखणे, श्वास लागणे, ओकारीत रक्त दिसणे, अचानक प्रचंड डोके दुखणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब डॉक्टरांकडे जायला हवे. मिरची बाहेर काढण्यासाठी मुद्दाम ओकारी काढू नये, कारण ज्या मार्गाने ती आत जाताना आग करते त्याच मार्गाने बाहेर येतानाही करते. भावाची कळ ओसरली म्हणून ठीक, पण ती ओसरेल हे त्या न्हाणीघरात त्याला कोणी सांगितले नव्हते.

पश्चात्ताप कशाचा

दुसऱ्या दिवशी भावाचा पश्चात्ताप सरळ होता : मिरची खायलाच नको होती. आठवड्याने त्याचा रोख बदलला. आता त्याला चित्रीकरणाची लाज वाटत होती, विशेषतः “एवढीच?” या शब्दाची. महिनाभराने बोलणे झाले तेव्हा तो म्हणाला की पहिल्या मिरचीचे काही वाटत नाही, दुसरी अर्धी तेवढी खायला नको होती. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापाबद्दल असे मांडले होते, की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी अधिक टोचतात आणि काळ लोटल्यावर न केलेल्या. या प्रकरणातील भाऊ अजून पहिल्याच टप्प्यावर आहे. खाल्ल्याबद्दल त्याला वाईट वाटते. हाक न मारल्याबद्दल त्याला काहीच वाटत नाही, ती गोष्ट त्याच्या हिशेबात चूक म्हणून धरलेलीच नाही. मी ती विचारात आणून दिली तेव्हा तो थोडा वैतागला, आणि वैतागणे स्वाभाविक होते, कारण हाक न मारण्याला तो आतापर्यंत सहनशक्ती म्हणत आला होता.

बहिणीचा पश्चात्ताप अधिक गुंतागुंतीचा आहे. तिला मिरचीबद्दल फारसे वाटत नाही, तिच्या मते मिरची त्याने स्वतःच्या हाताने खाल्ली. तिला ‘तलाव’ या शब्दाबद्दल वाटते. तो शब्द उच्चारल्यावर त्याला नाही म्हणता येणार नाही हे तिला माहीत होते, आणि माहीत असूनच तिने तो वापरला, असे तिने कोणी न विचारता सांगितले. न्हाणीघराच्या दाराचा विषय मात्र तिने स्वतःहून काढला नाही. विचारल्यावर बराच वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, “तो बरा आहे ना आता.”

अशा पैजांवर सरसकट बंदी घालावी, असे मला वाटत नाही. घालूनही कोणी पाळणार नाही. भावंडे एकमेकांना चिथावणारच. या प्रकरणात अटी मात्र बदलता आल्या असत्या. दूध समोर ठेवूनच सुरुवात, थुंकले तर हार पण थुंकायला मोकळीक, जेवणानंतरच खाणे, पहिल्या घासानंतर पाच मिनिटे दुसरा घास नाही, आणि रात्री झोपताना पैज लावणाऱ्याने एकदा विचारून यायचे, ही सक्तीची शेवटची अट. मिरचीचा तिखटपणा यातल्या एकाही अटीने कमी झाला नसता. पैज लावणारीला मात्र रात्री दार वाजवण्यासाठी निराळे कारण शोधावे लागले नसते.

ही शेवटची अट बहिणीला पटली, भावाला अजून पटलेली नाही. त्याच्या मते त्याने पैजेतली गंमत निघून जाते. चित्रीकरण बहिणीला पुसून टाकायचे होते, ते भावाने पुसू दिले नाही, कारण चौथ्या मिनिटाला दूध घेतले म्हणून आपण हरलो की दीड मिरची खाल्ली म्हणून जिंकलो, या वादात तोच एक पुरावा आहे. वाद मिटेपर्यंत भांडी दोघांनी एक दिवसाआड घासायची, असा तोडगा आईने काढला. डोळ्यात साबण गेला नव्हता हे तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच पाकिटावरची सूचना वाचून कळले होते, आणि उरलेली दीड मिरची तिने फेकून दिली होती.